काट्यावरचं पाकीट

२८ ऑगस्ट

नवं काम सुरू होऊन तीन आठवडे झाले. कामाची नोंद फॉर्ममध्ये होतेच, पण फॉर्मला चौकोन असतात आणि चौकोनात बरंच काही मावत नाही. जे मावत नाही ते इथे लिहायचं ठरवलं आहे. किती दिवस टिकेल देव जाणे. आणि दुसऱ्यांना ‘टिकून राहा’ म्हणून सांगणारा मी!

सतरा वर्षं याच इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात काढली. आता बसतो ती खोली छातीच्या वॉर्डाच्या टोकाला आहे. पूर्वी तिथे चादरी ठेवत. खिडकी नाही. भिंतींना अजून इस्त्रीचा आणि फिनेलचा वास आहे. एक टेबल, तीन खुर्च्या, फोन आणि श्वास मोजायचं यंत्र. सिगारेट ओढणारा कुणी दाखल झाला की त्याच्या खाटेशी जाऊन बसायचं, बोलायचं. तो घरी गेला की ठरलेल्या दिवशी फोन करायचा: दोन दिवसांनी, आठवड्याने, पंधरवड्याने, मग महिन्या-महिन्याने. तीन महिने झाले की त्याला इथे बोलावून यंत्रात फुंकायला लावायचं. श्वासात धूर असेल तर यंत्र सांगतं. फोनवर मुख्य प्रश्न एकच. ‘मागच्या फोननंतर एक तरी ओढलीत का?’

छातीच्या डॉक्टरांनी आज मोजणीचा नियम समजावला. कक्ष त्यांचाच आहे.

“जो फोन उचलणार नाही, तो ओढतोय असं धरायचं.”

“पण डॉक्टर, माणूस कामात असेल, आजारी असेल...”

“तीनदा करा. तीनदा नाही उचलला तर ओढतो. अहो, ज्याने सोडलीय तो सांगायला उतावीळ असतो. गप्प बसतो तो ओढणारा.”

बहुतेक ठिकाणी असंच धरतात म्हणे. त्यात तथ्य आहे हे मला कळतं. तरी संध्याकाळी घरी येईपर्यंत ते वाक्य पायात बोचणाऱ्या खड्यासारखं बरोबर आलं. गप्प बसतो तो ओढणारा.

१ सप्टेंबर

खिडकीजवळच्या खाटेवर एक गृहस्थ आहेत. वय त्रेसष्ट. वजनकाटे दुरुस्त करतात, म्हणून सगळा वॉर्ड त्यांना काटेवाले म्हणतो. बायको स्टुलावर बसलेली असते. ती फारशी बोलत नाही, आणि बोलली की वॉर्ड हसतो.

“किती वर्षं ओढताय, काका?”

“तुमचं वय काय?”

“सेहेचाळीस.”

“मग तुम्ही जन्माला यायच्या चार वर्षं आधीपासून.”

काकू म्हणाल्या, “लग्न झालं तेव्हा मला वाटलं, ह्यांच्या अंगालाच तसा वास येतो. बिचाऱ्याला काही रोग असेल म्हणून मी सहा महिने बोललेच नाही.”

दाखल झाले त्या दिवशी त्यांच्या खिशात पाकीट होतं. ते सिस्टरांनी कपाटात ठेवलंय. आत अकरा आहेत, हे काकांना पाठ आहे. मी नेहमीचं सांगितलं, की घरी गेल्या गेल्या पाकीट चुरगाळून टाकून द्या. त्यांनी मान हलवली. “टाकली तर सोडली कसली? समोर ठेवून नाही ओढली, तर सोडली.”

आमच्या पुस्तिकेच्या हे अगदी उलट आहे. मी समजावलं, ते ऐकेनात. मग त्यांनीच विचारलं, “तुमच्या घरी कुणी ओढायचं?”

“वडील.”

“सोडली?”

“हो.”

“किती टिकले?”

“शेवटपर्यंत,” मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. जोखत होते म्हणा ना, धंदाच तो. मग म्हणाले, “असं का. मग बघू.”

डॉक्टर म्हणतात की स्वतःचं काही सांगितलं की माणसं मोकळी होतात. मी सांगितलं ते खोटं होतं का? मला माहीत नाही, असं मी प्रामाणिकपणे लिहू शकतो. पण माहीत नसलेली गोष्ट ठामपणे सांगणं हे खोटंच की. उद्या जाऊन दुरुस्त करावं का? काय सांगू? ‘काका, माझ्या वडिलांचं मला ठाऊक नाही, मी विचारलंच नव्हतं’?

४ सप्टेंबर

काटेवाले घरी गेले. दुरुस्ती केली नाही. दोनदा खाटेपर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा पाण्याचा जग सरकवून परत आलो.

निघताना काकूंना फोनच्या तारखांचा कागद दिला. थट्टेने म्हणालो, “फोन उचला हं काकू. नाहीतर काका ओढतात असं लिहावं लागतं आम्हाला.” त्या हसल्या नाहीत. कागदाची बारीक घडी करून त्यांनी चष्म्याच्या घरात ठेवली.

६ सप्टेंबर

पहिला फोन. काका स्वतः बोलले. आवाजात दम कमी, मिजास भरपूर.

“तुमचं ऐकलं नाही, पण तुमच्यासाठी सोय केलीय. सोनाराचा एक छोटा काटा होता दुरुस्तीला आलेला. मालक मेला, तो न्यायला कुणी आलंच नाही. टेबलावर मांडलाय तो. त्यावर पाकीट. एक काढली तरी काटा सांगेल. काट्याला भीड नसते.”

मागून काकू म्हणाल्या, “रोज सकाळी आधी त्याचं दर्शन, मग माझं.”

फॉर्ममध्ये लिहिलं: नाही ओढली. खोकला आहे. झोप कमी.

११ सप्टेंबर

दुसरा फोन. “काटा जागेवर. आता तुम्ही फोन केला नाहीत तरी चालेल, मी तुमच्या वडिलांशी शर्यत लावलीय.” हसताना त्यांना खोकल्याची उबळ आली, बराच वेळ थांबेना. काकूंनी फोन घेतला आणि “नंतर बोला” म्हणून ठेवला.

शर्यत. हे ऐकून मला घाम फुटला, आणि बरंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी कसं वाटू शकतं?

१८ सप्टेंबर

काटेवाल्यांकडे पंधरवड्याचा फोन. काकूंनी पहिल्याच घंटीला उचलला. मागे बरीच माणसं बोलत होती. पाहुणे आलेत म्हणाल्या. काकांना सोबत झाली, चांगलंच आहे.

“काका आहेत का?”

“ते नाही यायचे फोनवर. मला विचारा.”

“एक तरी ओढली?”

“नाही. एकसुद्धा नाही. पाकीट आहे तसं आहे.”

“खोकला?”

“थांबला.”

“पूर्ण?”

“पूर्ण.”

“झोप?”

त्या जरा थांबल्या. “शांत.”

चौदाव्या दिवशी खोकला पूर्ण थांबला! असं सहसा होत नाही. उलट सोडल्यावर काही आठवडे खोकला वाढतो, असं पुस्तिकेत आहे. डॉक्टरांना फॉर्म दाखवला तर त्यांनी भुवया उंचावल्या, “चिवट आहे म्हातारा” म्हणाले आणि सही केली. मी कोपऱ्यात छोटंसं ‘शाबास’ लिहिलं. घरच्यांनी दिलेलं उत्तर चालतं, तसा चौकोन आहे.

२२ सप्टेंबर

आज हसलो. बसचे एक ड्रायव्हर आहेत. फोनवर म्हणाले, “आईची शपथ, हातसुद्धा लावला नाही.” तेवढ्यात मागून त्यांची मुलगी ओरडली, “बाबा, राख माझ्या वहीवर पडतेय!” मग तेच म्हणाले, “लिहा. एक लिहा.” मग जरा वेळाने, “दोन लिहा.”

त्यांना मी रोजचंच सांगितलं. एखादी ओढली म्हणून सगळं पाण्यात जात नाही. पाय घसरला म्हणजे डोंगर उतरलात असं नाही. उद्यापासून पुन्हा. मी हे इतक्या मायेने सांगतो की स्वतःचं मला नवल वाटतं. ही माया कुठे होती माझी, तेव्हा?

३ ऑक्टोबर

महिन्याचा फोन. पहिल्याच घंटीला काकू. “नाही ओढली.”

“वजन वाढलं का? सोडल्यावर वाढतं पुष्कळांचं.”

“आता कसलं वजन,” त्या म्हणाल्या.

मग मला काडी ओढल्याचा आवाज आला. अगदी स्पष्ट. काडी, मग क्षणभर काही नाही, मग कुणीतरी खोकलं.

“काकू, कोण खोकलं?”

“मीच.”

फॉर्ममध्ये ‘नाही’वर खूण केली. पण पेन्सिलने. मला संशय आहे की ते समोर बसून ओढत आहेत आणि ती माउली त्यांना पाठीशी घालते आहे. शर्यत मीच लावायला लावली, तीही खोट्या घोड्याशी. आता हरल्याचं कबूल कसं करणार ते?

घरी येताना जिन्यात बाबांचा खोकला ऐकू आला. त्यांचा तीन टप्प्यांचा असायचा, शेवटचा कोरडा, लाकडावर टिचकी मारल्यासारखा. वळून पाहिलं. वरच्या मजल्यावरचा कुणी भाडेकरू कुलूप लावत होता. मी त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिलो की त्याने विचारलं, “काही हवंय?”

१५ ऑक्टोबर

जे लिहायचं टाळतोय ते लिहून टाकतो.

चौदा वर्षांपूर्वी बाबा याच इस्पितळातून घरी आले. डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबा नकाशे काढायचे. आयुष्यभर कानामागे पेन्सिल आणि बोटांत सिगारेट. घरी आल्याच्या चौथ्या दिवशी त्यांच्या उशीखाली मला पाकीट सापडलं. मी ते त्यांच्यासमोर उघडलं, मोठ्याने मोजलं. सात. म्हणालो, “आता ह्या सातच्या सात राहिल्या पाहिजेत. मी परत मोजेन. तोवर मी तुमच्याशी बोलणार नाही.”

आणि बोललो नाही. अबोला आमच्या घरात कुणी धरत नसे. मी धरला आणि मला त्यात एक प्रकारचा नेटका आनंद वाटला, हेही लिहिलं पाहिजे. ताट सरकवायचो, औषध द्यायचो, बोलायचो नाही. नऊ दिवस. दहाव्या दिवशी सकाळी आईने हाक मारली तेव्हा ते गेलेले होते.

पाकीट मी परत मोजलं नाही. त्यांचा चष्मा, पेन्सिली आणि पाकीट आईने एका पत्र्याच्या डब्यात ठेवलं. डबा तिच्या कपाटात आहे.

प्रश्न मला पाठ आहे. दिवसातून दहा-दहा वेळा विचारतो. एक तरी ओढलीत का? विचारला नाही तो फक्त तिथे. आणि नियमही मला पाठ आहे. चौदा वर्षं मी बाबांना त्याच नियमाने मोजत आलो. गप्प आहेत, म्हणजे ओढली.

७ नोव्हेंबर

काटेवाल्यांकडे दोन महिन्यांचा फोन. पुन्हा काकू, पुन्हा ‘नाही’, पुन्हा काडीचा आवाज. या वेळी मी जरा कठोर झालो. “काकू, पाच डिसेंबरला काकांना घेऊन यायचं. यंत्रात फुंकावं लागेल. त्याच्यापुढे कुणाचं चालत नाही.”

“यंत्र खरं सांगतं?”

“हो.”

“मग येते,” त्या म्हणाल्या. ‘येतो’ नाही म्हणाल्या. हे आत्ता लिहिताना माझ्या लक्षात आलं. म्हातारा यायला तयार नसणार. पकडला जायची भीती.

२४ नोव्हेंबर

आई आज माझा डबा भरता भरता म्हणाली, “झोपेत फोन करत होतास. ‘एक तरी ओढलीत का’ म्हणून विचारत होतास कुणाला तरी.”

“मग? काय उत्तर मिळालं?”

“मला काय ठाऊक? समोरच्याचं मला थोडंच ऐकू येतं.” झाकण लावून तिने डबा माझ्यापुढे आपटला. “दुनियेला विचारत फिरतोस. बापाला नाही विचारलंस.”

तिने हे चौदा वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं. जिन्यावरून खाली उतरलो तेव्हा डबा वरच विसरलेला होता. परत जायचा धीर झाला नाही. दुपारी उपाशी राहिलो.

५ डिसेंबर

क्रमाने लिहितो, नाहीतर लिहिता येणार नाही.

काकू सव्वाअकराला आल्या, एकट्या. हातात कापडी पिशवी. मी विचारलं, “काका खाली थांबलेत का? लिफ्ट चालू आहे.” त्या बसल्या. पिशवीतून टॉवेलमध्ये गुंडाळलेला काटा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. लहानसा, पितळी, सुरेख घासलेला. त्याच्या पारड्यात त्यांनी एक पाकीट ठेवलं. काटा जागचा हलल्यासारखासुद्धा वाटला नाही.

“यंत्र कुठंय? मी फुंकते.”

“काकू, तुम्ही नाही. काकांनी...”

“त्यांच्या वतीने मीच. द्या.”

मी नळी लावली आणि यंत्र त्यांच्या हातात दिलं. का दिलं? कदाचित तोपर्यंत मला कळलं होतं, आणि यंत्रात बघायचं काम असलं की माणसाकडे बघावं लागत नाही. त्यांनी श्वास धरला, फुंकला. आमची मर्यादा सहा. आकडा बारावर थांबला.

“काकू, तुम्ही ओढता?” मी विचारलं. त्या क्षणी मला एवढंच सुचलं.

“दर मंगळवारी एक. आज सकाळी शेवटची. अकरावी.”

मग त्यांनी सांगितलं. काका माझ्या दुसऱ्या फोनच्या दुसऱ्या दिवशी गेले. मंगळवार होता. सकाळी दाढी करून खुर्चीत बसले होते, समोर काटा. त्या चहा घेऊन आल्या तेव्हा गालाला साबण तसाच होता.

“बारा सप्टेंबरला?”

“हो.”

“पण त्यानंतर मी तीन फोन केले. तुम्ही मला...”

“मी काय खोटं बोलले?” त्यांनी शांतपणे विचारलं. “काढा तुमचे कागद.”

मी काढले. वाचले. नाही ओढली. खोकला थांबला. शांत. फोनवर नाही यायचे. एकही शब्द खोटा नव्हता. आणि कोपऱ्यात माझ्या अक्षरात ‘शाबास’.

“का पण, काकू?”

“तुम्हीच म्हणालात ना, फोन नाही उचलला तर ओढतात म्हणून लिहिता. पन्नास वर्षांची ओढ त्या माणसाने सतरा दिवस दाबून धरली. नऊ दिवस तुमच्याकडे, आठ घरी. रोज घाम यायचा त्यांना, हात थरथरायचे. काट्याकडे बघत बसायचे. आणि मी फोन उचलला नाही म्हणून तुम्ही त्यांच्या नावापुढे ‘ओढतो’ लिहिणार? तसं मी लिहू दिलं नसतं.”

मी ते हसत हसत म्हणालो होतो. सामान बांधत होत्या त्या. मी हसत होतो.

“आणि या अकरा?”

“घरातला वास जायला लागला.” त्यांनी टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली. “माझ्या बहिणीने पडदे धुतले, उशा उन्हात टाकल्या. पुण्य करतेय वाटलं तिला. दोन आठवड्यांनी घरात नुसता साबणाचा वास. मग एक पेटवली. बशीत ठेवली तर विझते हो लवकर. ओढावी लागते.” मग एकदम जुन्या आवाजात म्हणाल्या, “काय घाणेरडी चव! पन्नास वर्षं कशी सोसली त्या माणसाने!”

आम्ही दोघं हसलो. खरंच हसलो. मग त्या पारड्याकडे बघत म्हणाल्या, “ते गेले तेव्हा काटा जागेवर होता. मी पाहिलंय. माझ्याकडे पुरावा होता, भाऊ. तो मी मंगळवारी-मंगळवारी जाळून टाकला.”

फॉर्म पुढे ओढून मी शेवटचं पान उघडलं. त्यांना चष्म्याशिवाय चौकोन तेवढा दिसला, अक्षरं नाही. “हे काय लिहिलंय?”

“‘मृत. यादीतून वगळा.’”

“वगळा म्हणजे?”

“म्हणजे मोजायचं नाही. ओढणाऱ्यांतही नाही आणि सोडणाऱ्यांतही नाही.”

बाहेर ट्रॉलीचं एक चाक किरकिरत गेलं. “म्हणजे गप्प बसलं तर ओढतात,” काकू म्हणाल्या, “आणि खरं सांगितलं तर ते नव्हतेच.”

मी पेनाला टोपण लावून फॉर्म मिटला.

निघताना दारात थांबून म्हणाल्या, “तुमच्या वडिलांचं रोज निघायचं घरात. अगदीच जीव घाबरा झाला की म्हणायचे, ‘त्या मुलाचा बाप शेवटपर्यंत टिकला. मग मला काय धाड भरलीय?’ टिकले मग. तुमच्या वडिलांइतके टिकले.”

मी दुरुस्ती केली नाही. करायला हवी होती का? त्यांच्या हातून तेवढं काढून घ्यायला हवं होतं का?

“पुढच्या मंगळवारी फोन करतो,” मी म्हणालो. “तुम्हाला. तुमचा आकडा बारा आहे.”

“पाकीट संपलं ना आता. कसली ओढतेय मी.”

“तरी करतो.”

“करा,” त्या म्हणाल्या. “मी उचलते, तुम्हाला माहितेय.”

६ डिसेंबर

डॉक्टरांना सगळं सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी अठरा सप्टेंबरचा फॉर्म मागितला, वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला. “खोकला पूर्ण थांबला. आणि आपण दोघांनी खाली सही केली.”

“एवढं तरी कळायला हवं होतं मला.”

“मला कळायला हवं होतं. मी डॉक्टर आहे.” जरा वेळाने म्हणाले, “यादीतून वगळावं लागेल. नियम नियमच आहे.”

“खाली टिपणासाठी तीन ओळींची जागा आहे, डॉक्टर.”

“ती कधी कुणी वाचत नाही.”

“चालेल.”

मी लिहिलं: ‘शेवटच्या सतरा दिवसांत एकही नाही. मृत्यूच्या दिवशी अकराच्या अकरा जागेवर. पुरावा: पत्नीने पाहिलेला काटा.’ डॉक्टरांनी वाचलं, आणि ज्या पानावर त्यांची सही लागत नाही तिथेही केली.

ऑक्टोबरच्या फॉर्मवरची पेन्सिलची खूण खोडून शाईने केली.

१० डिसेंबर

रविवार. आई अंघोळ करून बाहेर आली तेव्हा मी तिच्या कपाटासमोर उभा होतो. तिने विचारलं नाही. किल्ली कमरेची काढून दिली आणि कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली.

“तू कधी उघडला नाहीस?” मी विचारलं.

“मला गरज नव्हती,” ती पाठमोरी म्हणाली. “मी बोलत होते त्यांच्याशी.”

डब्यात चष्मा, चार पेन्सिली आणि पाकीट. पेन्सिली बोटाएवढ्या उरलेल्या. बाबा अर्धवट वापरलेली कुठलीच वस्तू टाकत नसत. पाकिटाचा पुठ्ठा पिवळा पडलाय. मी खिडकीच्या उजेडात बसलो. पाकीट उघडलं.

वरून मोजल्या. सात. एका ओळीत, एका पातळीत.

डोळ्यांना पाणी आलं. चौदा वर्षं मी काय केलं, असं वाटलं. आणि मग, मी जसा आहे तसा असल्यामुळे, खात्री करायला पाकीट हातावर उपडं केलं.

सहा अख्ख्या होत्या. सातवी अर्धी. पेटवलेली, काही झुरके घेतलेली, मग कडेला दाबून नीट विझवलेली. राख पुसून काढलेली. आणि तिच्याबरोबर पाकिटाच्या तळातून नकाशाच्या पातळ कागदाची एक घडी पडली. लहान, काटेकोर, आठ पदरी. अर्धीची उंची भरून काढायला तिच्याखाली ठेवलेली. वरून बघणाऱ्याला सात दिसाव्यात म्हणून.

ती घडी हातात घेऊन किती वेळ बसलो ठाऊक नाही. हे मला फसवायला होतं का? हो, होतंच. की अर्धीवरच थांबले, आणि थांबल्याचं फुकट जाऊ नये म्हणून केलं? की अर्धं टाकवत नव्हतं, एवढंच? कधी ओढली? पहिल्या दिवशी, की नवव्या? काही कळायचा मार्ग नाही. एवढंच कळतं की माझ्या बापाने, ज्याला खोलीच्या दारापर्यंत जाताना दम लागायचा, पट्टीने मोजून कागदाची घडी घातली. कारण मी परत मोजायला येईन अशी त्याची खात्री होती.

एखादी ओढली म्हणून सगळं पाण्यात जात नाही. मी हे गेल्या चार महिन्यांत किती लोकांना सांगितलं! बसच्या ड्रायव्हरला तर दोनदा.

आई आत आली. हाताला ओल्या कपड्यांचं पाणी होतं, ते पदराला पुसत उभी राहिली.

“किती निघाल्या?”

मी मुठीकडे बघितलं. आयुष्यात मी आकडा चुकीचा सांगितलेला नाही.

“सात,” मी म्हणालो.

तिने मान हलवली. “तेच म्हणायचे. रोज दाराकडे बघायचे आणि म्हणायचे, ‘येईल तो मोजायला. सातच आहेत म्हणावं.’”

ती गेल्यावर मी सगळं परत भरलं. आधी तळाला ती घडी ठेवली, होती तशी. तिच्यावर अर्धी. मग बाकीच्या सहा. वरून हात फिरवून पाहिला. कुठेच खालीवर लागलं नाही.